९४ च्या बुलेटला हार्लेचा सायलेन्सर : फिटिंग झालं, आता जेटिंग आणि आवाज

तर मंडळी, अपडेट. बुलेट स्टँडर्ड ३५० ला हार्लेच्या स्पोर्टस्टर आयर्न ८८३ चा सेकंडहँड कंपनी सायलेन्सर बसलाय, गाडी रोज चालतीये आणि पहाटे निघालो तरी सोसायटीत कोणी खिडकीतून बघत नाही. हेच पाहिजे होतं मला. आधीच्या मालकाने लावलेला सरळ पाईप काढायचा हे गाडी घेतली तेव्हाच ठरलेलं. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाचा ठोका इतका सुंदर असतो की त्याला ओरडायला लावायची गरजच नसते, तो खोलातून आला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

हार्लेचाच का, तर कारण साधं आहे. स्पोर्टस्टर घेणारे बरेच जण गाडी घरी आल्या आल्या कंपनीचे सायलेन्सर उतरवतात आणि आफ्टरमार्केट लावतात, मग ती जवळजवळ नवीन जोडी गॅरेजमध्ये नाहीतर बाल्कनीत पडून राहते. हार्लेने २०२० मध्ये इथलं उत्पादन बंद केलं तरी गाड्या आणि त्यांचे उतरवलेले पार्ट आहेतच की. मला पिंपरीत एकाकडे जोडी मिळाली, बाजारातल्या बऱ्यापैकी नव्या पाईपच्या निम्म्याहून कमी पैशात. आणि माल बघा ना, जाड पत्रा, आत व्यवस्थित चेंबर, क्रोम असं की पुसलं की झालं. 'ओरिजिनल टाईप' म्हणून जे स्वस्त सायलेन्सर मिळतात त्यांचा पत्रा पातळ असतो आणि वेल्डिंगपासून गंज सुरू होतो, त्यापेक्षा मोठ्या गाडीचा वापरलेला कंपनी पार्ट मला केव्हाही चालेल.

आता मापाचं गणित, कारण नुसतं दिसतंय छान म्हणून लावून चालत नाही. ८८३ ला दोन सिलेंडर, बोअर (सिलेंडरचा व्यास) ७६.२ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९६.८ मिमी, म्हणजे एका सिलेंडरचे साधारण ४४१ सीसी, आणि प्रत्येक सिलेंडरला एकेक सायलेन्सर. बुलेटचा बोअर ७०, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. तोही लांब स्ट्रोकचा, कमी आरपीएमवर फिरणारा गडी. म्हणजे एका हार्ले सायलेन्सरला जेवढा गॅस गिळायची सवय आहे त्यापेक्षा आपण थोडा कमीच देतोय, गुदमरायचा प्रश्न येत नाही. दुसरी सोय म्हणजे स्पोर्टस्टरचे दोन्ही सायलेन्सर उजव्या बाजूला असतात आणि आपल्या बुलेटचाही उजवीकडेच, त्यामुळे माउंटिंग आपोआप आतल्या बाजूला येतं आणि स्लॅश कट (तिरकं कापलेलं) तोंड बाहेर राहतं.

घेताना तीन गोष्टी नक्की बघा. टॉर्च मारून आत जाळी, म्हणजे कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आहे का ते, कारण काही नव्या गाड्यांचा कॅट सायलेन्सरमध्येच असतो आणि कार्ब (कार्ब्युरेटर) वाल्या जुन्या इंजिनाचं न जळलेलं पेट्रोल त्यात गेलं की तो भयंकर तापतो. मग सायलेन्सर हलवून आत काही सुटं वाजतंय का. आणि व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन जा, पाईप शिरतो ते तोंड गोल आहे की क्लॅम्प आवळून अंडाकृती झालंय ते दोन दिशांना मोजा.

खरं काम जॉइंटचं. स्पोर्टस्टरच्या सायलेन्सरचं तोंड पावणेदोन इंचाच्या पाईपसाठी, म्हणजे ४४.४५ मिमी. माझा बेंड पाईप, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाईप, दीड इंची, ३८ चा. मधे साधारण सव्वातीन मिमी जाड भिंतीची स्लीव्ह, म्हणजे नळी, लागते. भोसरीत एका लेथवाल्या काकांकडून करून घेतली, ५० मिमी लांब, हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही अशी. काकांना स्टेनलेसची करायची होती, मी एमएस (साधं माइल्ड स्टील) सांगितली, कारण ३०४ स्टेनलेस तापल्यावर एमएसपेक्षा जास्त फुगतं, बेंड पाईप एमएसचा आहे, म्हणजे गरम झाल्यावर स्लीव्ह पाईपवर सैल होणार आणि नेमका तिथूनच गॅस मारणार. गंजाचं म्हणाल तर हीट पेंट मारलाय, पुढे लागली तर दुसरी स्लीव्ह करायला असा काय खर्च येतो. स्लीव्हला लांबीत एकच बारीक काप दिला म्हणजे क्लॅम्प आवळल्यावर ती मिटते, तो काप वर ठेवला, म्हणजे खालून काळं पाणी ठिबकत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला खाच असेल तर ती आणि हा काप एका रेषेत येऊ देऊ नका. स्लीव्हची सायलेन्सरकडची कड आतून तिरकी घासून घेतली. क्लॅम्प पट्टीचा वापरला. यू बोल्टचा क्लॅम्प पाईपला चिमटा काढतो, मग पुढच्या वेळी सायलेन्सर निघता निघत नाही.

आणि आता टांगणं. माझ्या मते ह्या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त डोकं इथं लावावं. हार्लेचा सायलेन्सर जड आहे, बुलेटचं इंजिन सिंगल, थरथर सगळ्यांना माहितीये, आणि आपण ते वजन हेडपासून (इंजिनाच्या वरच्या भागापासून, जिथून पाईप निघतो) लांब लोंबकळत ठेवतोय. पट्टी कडक बसली की थरथर कुठंतरी बाहेर पडणारच, मग एकतर पट्टीला चीर नाहीतर सायलेन्सरचा ब्रॅकेट वेल्डमधून सुटतो. मी मागच्या फुटरेस्टच्या बोल्टवरून ५ मिमी जाड पट्टी खाली आणली, आतले सगळे कोपरे गोल घासले कारण चीर कायम काटकोनातून निघते, आणि सायलेन्सरकडच्या बोल्टला रबर बुश, त्यात लोखंडी नळी, म्हणजे बोल्ट पूर्ण आवळला तरी रबर चिरडत नाही. बुश नाना पेठेतून आणले, नेताना नळी सोबत घेऊन गेलो आणि त्यावर बसवून बघूनच घेतले.

आवळायचा क्रमही महत्त्वाचा. आधी सगळं सैल लावायचं, हेडपासून शेवटपर्यंत. मग गाडी चालू करून पाईप चांगला तापू द्यायचा, तो त्याची जागा स्वतः घेतो, आणि मग हेडकडून मागे येत आवळायचं, पट्टीचा बोल्ट सगळ्यात शेवटी. पट्टीचं भोक आणि सायलेन्सरचं भोक समोरासमोर येत नसेल तर पान्ह्याने ओढून बसवायचं नाही, भोक लांबट करा नाहीतर वॉशर टाका. ओढून बसवलेला सायलेन्सर आज बसतो आणि कधीतरी घाटात सुटतो.

जागा बघताना किक पूर्ण खाली दाबून बघा, आपली किक उजवीकडेच आहे आणि खाली आलेली किक बेंडला नाहीतर क्लॅम्पच्या बोल्टला लागू शकते, म्हणून क्लॅम्पचा बोल्ट आत फिरवला. मागचा स्पिंडल (चाकाचा दांडा) उजवीकडून ओढावा लागतो, पंक्चरवाल्याकडे सायलेन्सर उतरवायची वेळ यायला नको. हा सायलेन्सर बुलेटच्या लांब पाईपपेक्षा आखूड असल्यामुळे तिथं भरपूर मोकळं आहे, फक्त मागचं तोंड थोडं बाहेर फिरवलं म्हणजे गरम गॅस टायरवर जात नाही.

हेडमध्ये बुलेटचा पाईप नुसता दाबून बसतो हे नवीन लोकांना माहीत नसतं. तिथून हवा आत खेचली की अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटके येतात आणि लोक कार्बला दोष देत बसतात. पोर्टची कड साफ करून सायलेन्सर पेस्ट लावली, लाल सिलिकॉन तिथं टिकत नाही, जळून जातं. फटके पूर्ण बंद.

जेटिंग, म्हणजे कार्बमध्ये पेट्रोलचं प्रमाण बसवणं. सरळ पाईपसाठी आधीच्या मालकाने मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) मोठा टाकलेला, त्यावर आता गाडी फुल थ्रॉटलला जड वाटायची आणि प्लग काळा, म्हणजे पेट्रोल जास्त. मिककार्ब व्हीएम २४ कार्बमध्ये परत ९० चा टाकला. मग मोकळ्या रस्त्याला तिसऱ्यात पूर्ण उघडून थोडं पळवली, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद, बाजूला घेऊन प्लग काढला, तर बिस्किटासारखा रंग, म्हणजे प्रमाण बरोबर. एअर स्क्रू थोडा फिरवून आयडल बसवलं. 'बॅक प्रेशर गेलं की पिकअप जातो' असं कायम ऐकू येतं, पण प्रेशर कोणत्याच इंजिनाला नको असतं. पाईपमध्ये गॅसचा वेग टिकला पाहिजे आणि मिक्श्चर पाईपप्रमाणे बदललं पाहिजे. बऱ्याच वेळा पाईप बदलतो, जेट तोच राहतो आणि नाव बॅक प्रेशरचं होतं.

आवाज कसा आहे ते सगळ्यांनी विचारलंय. आयडलला मऊ, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) बारीक आवाज आता कळतो जो आधी पाईपमध्ये बुडून जायचा. थ्रॉटल दिला की भरीव होतो पण फाटत नाही. हार्लेसारखा वाजेल अशी अपेक्षा ठेवू नका, तो आवाज ४५ अंशातल्या दोन सिलेंडरच्या वेडावाकड्या फायरिंगचा असतो, सायलेन्सरचा नाही. आपला ठोका आपलाच राहतो.

कायद्याचं पण बोलू. आवाजासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० पर्यंत जातो, लायसन्सवर पण येतं. दुसऱ्या कंपनीचा सायलेन्सर म्हणजे आपोआप चालतो असं नाही, रस्त्यावर थांबवणारा आधी आवाजच ऐकतो, तेव्हा तो मुळात कमी ठेवा आणि बेंडवर बसणारा एखादा साधा बुलेट सायलेन्सर घरी सांभाळून ठेवा. पीयूसी काढली, २००० आधीच्या दुचाकीला आयडलवर सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ४.५ टक्के आहे, त्याच्या बरीच आत आली. प्रोब (तपासणीची नळी) आतपर्यंत घालायला सांगा, आखूड सायलेन्सरमध्ये बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा येतो.

पुढचं काम म्हणजे ताम्हिणीला जाऊन आल्यावर पट्टी उतरवून वेल्ड आणि बुश बघणार, आणि मागे बसणाऱ्याच्या बुटाजवळ हीट शील्ड करायचंय. जोडीतला दुसरा सायलेन्सर तसाच ठेवलाय. पुण्यात कोणाची कास्ट आयर्न ३५० किंवा ५०० असेल तर सांगा, आधी बेंड पाईपचं व्हर्निअरचं माप पाठवा, स्लीव्हचं ड्रॉइंग मी देतो.