वर्षाला एकच फेरी, मग पेढी चालायची कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं. शिडाच्या जहाजांच्या काळातल्या कच्छी व्यापाऱ्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: कच्छचं मांडवी बंदर ते पूर्व आफ्रिकेजवळचं झांझिबार बेट, वर्षाला एकच फेरी व्हायची, त्यातही जहाज बुडायची भीती, मग या घराण्यांकडे एवढा पैसा आला कुठून? उत्तर असं, की नुसत्या जहाजावर फारसं सुटत नसे. खरी कमाई दोन वाऱ्यांमधल्या मुक्कामात होती, आणि ज्यांची माणसं झांझिबारला बारा महिने बसून असत त्यांनाच ती हाती लागायची.

आधी वाऱ्याचा हिशेब. दोन बंदरांमधलं अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर. ईशान्येचा वारा चांगला लागला तर कोटिया गलबत तासाला चार-पाच सागरी मैल कापतं, म्हणजे वीस-पंचवीस दिवसांत पोचतं. हा वारा नोव्हेंबरात सुरू होतो, पण विषुववृत्ताखाली तो भरवशाचा व्हायला डिसेंबर उजाडतो. फेब्रुवारीअखेर निघालेलं गलबत वाटेत पडलेल्या वाऱ्यात सापडू शकतं. मग पिण्याचं पाणी कमी पडतं आणि मिळेल त्या किनाऱ्याला नांगर टाकावा लागतो. परतीचा नैर्ऋत्येचा वारा एप्रिलमध्ये फिरतो. तेव्हा निघून जूनच्या मध्याआधी घर गाठायचं. मांडवी हे रुक्मावती नदीच्या मुखावरचं उथळ बंदर, भरतीशिवाय मोठं गलबत आत येत नाही. भर पावसाळ्यात तिथे शिरू पाहणं म्हणजे गलबत फोडून घेणंच. मे हुकला की ऑगस्टअखेरची वाट पाहायची.

तिरक्या शिडाची एक अडचणही लक्षात घ्या. शीड ज्या लांब, कललेल्या काठीला बांधतात ती परबाण वाऱ्याची बाजू बदलताना डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागते. जोराच्या वाऱ्यात हे काम जिवावरचं, आणि त्याला भरपूर हात लागतात. त्यामुळे समोरच्या वाऱ्याशी झगडत जाण्यापेक्षा पाठीमागच्या वाऱ्याची वाट पाहणंच शहाणपणाचं. वर्षाला एक फेरी होई ती आळसामुळे नव्हे.

म्हणजे गलबत वर्षाचे पन्नासेक दिवस चालतं. जानेवारी ते एप्रिल ते झांझिबारच्या धक्क्यावर पडून असतं, आणि खरा खेळ तेव्हाच असतो. सगळी गलबतं त्याच वाऱ्याने, त्याच सुमारास येतात. कापडाचे गठ्ठे एकदम उतरतात आणि भाव पडतो. एप्रिलपूर्वी परतीचा माल भरायची सगळ्यांना घाई, म्हणून हस्तिदंत, लवंग आणि वार्निशात लागणारा कोपल डिंक महागतो. स्वस्त विकून महाग घेण्याचा हा सापळा, आणि फक्त गलबत घेऊन आलेला नाखवा, म्हणजे गलबताचा कप्तान, त्यात अडकतोच. ज्याची तिथे वखार आहे तो मात्र जानेवारीत कापड विकत घेऊन ठेवतो आणि बंदर रिकामं असताना हस्तिदंत गोळा करतो. भाव फरासलावर ठरायचे. एक फरासला म्हणजे सुमारे सोळा किलो.

हस्तिदंत मुख्य भूमीच्या आतून काफिल्यांनी यायचं. काफिल्याला कापड, मणी आणि पितळी तार उधार द्यायची, फेड हस्तिदंतात. काफिला परतायला वर्ष, कधी दोन वर्षं लागत. व्याज मालाच्या किमतीतच चढवलेलं असे. यात बुडायच्या वाटाही होत्या. मण्यांच्या रंगाची आवड मुलखामुलखात वेगळी, आणि ती बदलायचीही. चाल गेलेले मणी दिले तर काफिल्याला आत धान्यसुद्धा मिळत नसे.

या खेळात सगळ्यांत पुढे गेली ती जयराम शिवजी यांची पेढी. हे कच्छमधल्या मुंद्र्याचे, भाटिया या व्यापारी जातीचे. पेढीने झांझिबारच्या जकातीचा इजारा घेतला: सुलतानाला वर्षाची ठरलेली रक्कम द्यायची आणि वसुली आपण करायची. परदेशी मालावर पाच टक्के जकात होती. माझ्या मते त्या पाच टक्क्यांहून मोठा लाभ माहितीचा होता. बंदरात आलेला प्रत्येक गठ्ठा पेढीच्या माणसासमोरून जाई, आणि कोणाकडे काय आहे, कोण अडलाय, हे वहीत दिसे. 1837 मध्ये आलेले अमेरिकन कॉन्सल वॉटर्स यांनीही जयराम यांच्याशीच जमवून घेतलं. जयराम 1853 मध्ये कच्छला परतले, तरी पेढीचे तिथले कारभारी लधा दामजी यांनी झांझिबारचं काम तसंच चालवलं. भाटिया पुरुष तेव्हा कुटुंबाशिवाय जात, त्यामुळे माणसं पाळीपाळीने बदलत, वही चालू राहत असे.

राहिला प्रश्न बुडण्याचा. पहिला उपाय म्हणजे एका घराचा माल एका गलबतात भरायचा नाही, चार-पाच ठिकाणी वाटायचा. दुसरा जोखमी हुंडी. माल पाठवणारा घेणाऱ्यावर हुंडी, म्हणजे पैसे देण्याची चिठ्ठी, लिहितो आणि ती सावकाराला कमी पैशांत विकतो. माल सुखरूप पोचला तरच हुंडी देय, बुडाला तर सावकाराचे पैसे गेले. उधारी आणि विमा असे एकाच कागदात बसत. मोसम सरत आला की अशी हुंडी घेणारा अधिक कसर, म्हणजे किमतीत जास्त सूट, मागणार, हे ओघानेच आलं. पण हुंडीने सगळंच वाचत नसे. एप्रिल 1872 च्या चक्रीवादळात झांझिबार बेटावरच्या बहुतेक लवंगबागा आडव्या झाल्या. नव्या झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे ज्यांनी बागांवर कर्जं दिली होती त्यांचं तारणच गेलं.

आणि एक गोष्ट गाळून हा हिशेब सांगू नये. झांझिबारला येणाऱ्या गुलामांवर दरडोई जकात होती, ती इजारदाराच्याच वहीत जमा होई, आणि हस्तिदंतासाठी दिलेल्या उधारीवर निघालेले काफिले माणसंही पकडून आणत. 1860 मध्ये ब्रिटिश कॉन्सल रिग्बी यांनी हिंदी व्यापाऱ्यांच्या मालकीचे हजारो गुलाम मुक्त करायला लावले. गुलामांचा बाजार बंद झाला तो ब्रिटन आणि सुलतान यांच्यातल्या 1873 च्या तहाने. त्या वाटाघाटींसाठी मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर तिथे गेले होते. या घराण्यांच्या संपत्तीतला हा वाटा नाकारता येत नाही.

1872 मध्येच एडनहून झांझिबारला दर महिन्याची आगबोट सुरू झाली. पत्रं आणि मुंबईला जाणारा महागडा माल तिच्याकडे वळू लागला. वाऱ्याच्या तारखांवर बांधलेला भावातला फरक त्यानंतर आटत गेला. कोटियांकडे उरला तो जड, स्वस्त आणि उशीर चालणारा माल, आणि तो त्या विसाव्या शतकातही वाहत राहिल्या.