नोटीस न पाठवलेली बरी

नोटीस पाठवायला आलेल्या पक्षकाराला 'पाठवू नकोस' हे पटवण्यात माझी निम्मी दुपार गेली. एरवी कॉपीराइटच्या कामात उलटं असतं. लोक आलेली नोटीस हातात घेऊन घाम पुसत येतात आणि 'मॅडम, आत टाकतील का हो?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. ही मुलगी आली ती मात्र संतापून.

त्या दिवशी हायकोर्टात आमचं मॅटर बोर्डावर पार खाली होतं, ते पोचलंच नाही. फोर्टातल्या ऑफिसात परतले तर आमचे क्लार्ककाका दारातच उभे. "मॅडम, माझी भाची आलीय भांडुपहून. चोरी झालीय तिची." मला वाटलं मोबाइल, फार तर स्कूटी. (पुढचं सगळं तिला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

ती दिवसा एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते आणि रात्री जपानी ॲनिमे, म्हणजे तिथल्या कार्टून मालिका, सबटायटल लिहून मराठीत आणते. जपानी शिकलेली आहे, जिथे अडतं तिथे इंग्रजी सबटायटल बघते. एजीसब नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकेक वाक्य ऐकायचं, ते पडद्यावर कधी यावं आणि कधी जावं ते लावायचं, आणि दोन ओळींत मावेल असं मराठी लिहायचं. तयार फाइल चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायची. मालिका १९९६ ची, हिंदीतसुद्धा कोणी न आणलेली. व्हिडिओ ती कुठेच टाकत नाही. फक्त मजकुराची फाइल. ज्याने त्याने आपापल्या व्हिडिओला जोडावी.

आणि आता यूट्यूबवर एका चॅनेलने त्याच मालिकेचं 'मराठी डब' सुरू केलं होतं. एकच माणूस सगळ्यांचे आवाज काढायचा, नायकाचा आणि त्याच्या आजीचाही. मध्ये जाहिराती. खाली लोकांच्या कौतुकाच्या कमेंटी. वाक्यं हिची, शब्दन् शब्द.

"कशावरून?" मी विचारलं. वकिलाला हे विचारावंच लागतं.

तिने पिशवीतून दोन प्रिंटआउट काढले आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकीकडे तिची फाइल, दुसरीकडे त्या माणसाचं बोलणं ऐकून उतरवलेलं. समान ओळी तिने पेन्सिलीने जोडल्याच नव्हत्या, त्या तर सगळ्याच समान होत्या. तिने लाल खुणा केल्या होत्या त्या स्वतःच्या चुकांवर. सातव्या भागात एका स्वयंपाकघरात रेडिओवर बातम्या चालू आहेत. त्या रात्री डोळे मिटायला लागले म्हणून तिने रेडिओची दोन वाक्यं सोडून दिली होती. डबमध्ये तिथे रेडिओ जपानीतच बोलतो. आणखी एका भागात मध्यंतरानंतर तिच्या वेळा दोन सेकंद मागे पडल्या होत्या, तर तिथून पुढे या गृहस्थाचा आवाजही पात्रांच्या ओठांमागून दोन सेकंदांनी येतो.

मी मनात म्हटलं, वा. बरोबर वाक्य दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतं, तीच चूक तशीच सुचत नाही. नकलेच्या दाव्यात सारख्या चुकांइतका बोलका पुरावा क्वचित मिळतो. इतक्या नीट तयारीने येणारे पक्षकार माझ्याकडे फारसे येत नाहीत, मोठ्या कंपन्यांचेही नाहीत.

"मग नोटीस ठोकूया ना?" काका म्हणाले. मुलीने तर यूट्यूबचा तक्रारीचा फॉर्मही अर्धा भरून आणला होता. मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात एक चौकोन होता. मूळ कृतीचे हक्क माझे आहेत किंवा हक्कधारकाने मला अधिकार दिला आहे, हे तिथे शपथपूर्वक म्हणायचं होतं.

"यावर टिक करणार तू?"

"हो. माझंच आहे ना."

"आणि जपानी कंपनीची परवानगी?"

ती गप्प झाली. काकांनी पंख्याकडे पाहिलं.

मग एकेक मुद्दा निघत गेला. तिचा पहिला बचाव म्हणजे व्हिडिओ टाकलेला नाही. हा या मंडळींचा सगळ्यात आवडता बचाव आहे आणि ऐकायला बराही वाटतो. पण १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा चित्रपट (त्यात मालिकाही आली) वेगळा धरतो आणि त्यासाठी लिहिलेले संवाद वेगळे धरतो. संवाद हे साहित्य. साहित्याचं भाषांतर करण्याचा हक्क कलम १४ ने मूळ मालकालाच दिलेला आहे. म्हणजे एकही चित्र न हलवता, नुसता मजकूर वाटूनही भंग होतो. नेदरलँड्समध्ये हौशी सबटायटलवाल्यांनी स्वतःच कोर्टात जाऊन हाच मुद्दा मांडला होता. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. स्वीडनमध्ये त्याआधी, २०१३ साली, अशाच फाइलींच्या एका वेबसाइटवर पोलिसांची धाड पडली होती आणि ती चालवणारा पुढे दोषी ठरला.

"पण ते परदेशातलं. आणि जपानी कंपनीचा इथे काय संबंध?"

संबंध आहे. भारत आणि जपान दोघेही बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत. १९९९ च्या इंटरनॅशनल कॉपीराइट ऑर्डरने अशा देशांतल्या कृतींना आपल्याकडे देशी कृतींसारखंच संरक्षण मिळतं. चित्रपटाला साठ वर्षं, म्हणजे ही मालिका २०५६ संपेपर्यंत कोणाची तरी आहेच. संवादलेखकाचा हक्क तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं.

तिचा पुढचा मुद्दा चाहत्यांमध्ये धर्मासारखा पाळला जातो. मालिकेचा परवाना आपल्या देशात कोणी घेतलेला नसेल तोवर सबटायटल करावं, परवाना झाला की थांबावं. अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटींच्या काळापासून हा नियम चालत आला आहे. 'विकू नये, भाड्याने देऊ नये' असंही त्या कॅसेटींवर लिहिलेलं असायचं. नियम सभ्य आहे. पण तो चाहत्यांनी आपसात केलेला आहे, मालकाने त्यावर सही केलेली नाही. २००४ च्या डिसेंबरात मीडिया फॅक्टरी या टोकियोच्या कंपनीने वकिलांकरवी इंग्रजी फॅनसबवाल्यांना, म्हणजे हौशी सबटायटलवाल्यांना, पत्रं धाडून आमच्या मालिकांना हात लावू नका म्हणून कळवलं, तेव्हा ते सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं.

"मी एक रुपया घेतलेला नाही," ती म्हणाली. हे ती अगदी हळू म्हणाली, आणि खरंही होतं. मी तिला कलम ६३ आणि त्याचं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, वाचून दाखवलं. कॉपीराइटभंगाला किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यातल्या नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट, तशी विशेष कारणं नोंदवून, शिक्षा किमानपेक्षा कमी करू शकतं. शिक्षा कमी होते, भंग पुसला जात नाही. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. स्वतःपुरतं घरी केलं असतं तर कलम ५२ ची सवलत सांगता आली असती. ग्रुपवर वाटलं की ती सवलत संपते.

काकांनी इतका वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मॅडम, चोरावर मोर." भाचीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा सांगायला गेले.

खरी कायद्याची गंमत मला यापुढे वाटते. परवानगीशिवाय केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचा काही हक्क उरतो का? एखाद्या चित्रपटाचा मोठा भाग दुसऱ्याच्या कृतीचा भंग करणारा असेल तर त्या चित्रपटाला कॉपीराइट नाही, असं आपला कायदा कलम १३ मध्ये स्पष्ट म्हणतो. साहित्याबद्दल तसं वाक्य तिथे नाही. त्यामुळे तिची मेहनत, तिची भाषा, तिची वाक्यरचना तिची आहे, असा युक्तिवाद कोर्टात उभा राहून करता येईल. मला तो करायला आवडेलही. पण मनाई हुकूम मागायचा तर स्वच्छ हातांनी यावं लागतं. समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न तोच असेल जो मी विचारला, आणि आमचं उत्तर आमच्याच वादपत्रात लिहिलेलं असेल.

शिवाय ग्रुपवर तिला एका टोपणनावाने ओळखतात. तक्रार करायची तर खरं नाव द्यावं लागतं आणि ते पलीकडे पोचतं. आज तिला कोणी ओळखत नाही, हेच तिचं चिलखत. वर कलम ६० आहेच. हक्क नसताना कॉपीराइटची धमकी दिली तर ज्याला धमकावलं तोच दावा लावू शकतो. तो चॅनेलवाला असं काही करेल असं मला वाटत नाही, त्याचेही हात तितकेच बरबटलेले आहेत. पण पक्षकाराला सगळं सांगावं लागतं.

"क्रंचीरोलही असंच सुरू झालं होतं," ती चहा ढवळत म्हणाली. तिला इतिहास माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. २००६ मध्ये चाहत्यांनी चढवलेल्या ॲनिमेच्या व्हिडिओंवरच ती साइट उभी राहिली आणि नंतर परवाने घेऊन सरळ मार्गाला लागली. आज भारतात हिंदी, तमिळ, तेलुगू डब देते. "मराठीत कोण देणार? आम्ही वाट बघत बसायचं?"

याला माझ्याकडे कायद्यातलं समाधानकारक उत्तर नाही. पुस्तकांसाठी एक दार आहे. कलम ३२ खाली, पुस्तक निघून सात वर्षं झाली तर भाषांतराचा परवाना मागता येतो, मालकाला मोबदला देऊन. चित्रपटांना असं दार नाही. मला ते असायला हवं असं वाटतं, निदान ज्या कृती मालकाने वर्षानुवर्षं एखाद्या भाषेत आणलेल्या नाहीत त्यांच्यासाठी तरी. पण माझ्या वाटण्याने तिचा जामीन होणार नाही.

जपानी मालकाला त्या चॅनेलची माहिती द्यायचा मार्ग मी सांगितला. त्याने तो चॅनेल नक्की उतरवला असता, आणि 'ही वाक्यं आली कुठून' हेही कधी ना कधी विचारलं असतं. तिने मान हलवली. अर्धा भरलेला फॉर्म माझ्यासमोर बंद केला. पुढच्या फाइली वाटायच्या नाहीत हेही कबूल केलं, नाखुशीने. फीचं काकांनी विचारलं, मी नको म्हटलं.

मध्यंतरी काकांकडून कळत होतं की तिने शब्द पाळलाय. ग्रुपवर लोक ओरडतायत, ती गप्प आहे. आणि एका संध्याकाळी ती स्वतःच ऑफिसात आली, मोबाइल पुढे करत, हसू दाबत. त्या 'मराठी डब'चे भाग बरोबर तिथेच थांबले होते जिथे तिची शेवटची फाइल थांबली होती. खाली प्रेक्षक 'पुढचा भाग कधी' म्हणून त्याला धारेवर धरत होते. आणि ग्रुपवर तिच्या टोपणनावाला एका अनोळखी खात्यावरून मेसेज आला होता: 'ताई, अकरावा भाग कधी टाकताय? लोक खूप विचारतायत हो.'

"याला काय उत्तर देऊ?"

"काहीही देऊ नकोस," मी म्हटलं. "लेखी तर अजिबातच नाही."