डार्क सेझॉन, बामणोदची वांगी आणि ५० पैकी ४०

गेल्या महिन्यात दोन बाटल्या उघडल्या, एक शेतात आणि एक घरी. बीयर तीच, पण दोन्ही वेळेला इतकी वेगळी लागली की लिहून ठेवलंच पाहिजे असं वाटलं. बीयर म्हणजे डार्क सेझॉन, बेल्जियमची, ७५० मिलीची बाटली, शॅम्पेनसारखं बूच आणि त्यावर तारेची जाळी, साडेसहा टक्के. भाचा तिकडे शिकतो, डिसेंबरात सुट्टीला आला तेव्हा घेऊन आला. विमानाने येताना माणशी २ लिटरची मुभा असते त्यात दोन बाटल्या आरामात बसतात. ब्रुअरी छोटी आहे, नाव टाकत नाही, कारण पुढे एक तक्रार करणार आहे आणि दोन बाटल्यांवरून कोणाबद्दल कायमचं मत देणं मला पटत नाही.

आपल्याकडे बीयर म्हणजे लागर, थंडीत आंबवलेली नेहमीची फिकट बीयर. जळगाव, भुसावळ, धुळं, कुठल्याही परमिट रूमला बसा, पहिला प्रश्न माइल्ड का स्ट्राँग आणि दुसरा प्रश्न थंड आहे ना. मे महिन्यात ४४-४५ डिग्री असते तेव्हा दुसरा प्रश्न बरोबरच आहे, मी पण तोच विचारतो. पण बर्फासारख्या थंड बीयरमध्ये चव शोधायला गेलं तर काही हाती लागत नाही, जीभच बधिर झालेली असते. मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा, २००९ ला तिथे दूलाली सुरू झालं, महाराष्ट्रात ताजी बीयर जागेवर बनवून देणारं पहिलं तेच, तिथे मला पहिल्यांदा कळलं की बीयरचा वास घ्यायचा असतो. तेव्हापासून हा नाद आहे, आता गावाकडे परत येऊन बरीच वर्षं झाली तरी सुटला नाही.

सेझॉन म्हणजे फ्रेंचमध्ये हंगाम. बेल्जियमच्या दक्षिणेला फ्रेंच बोलणारा वालोनिया नावाचा भाग आहे, त्यातल्या एनो प्रांतातल्या शेतांवरची ही बीयर मानतात. थंडीत शेतातली कामं कमी, हवा गार, तेव्हा बनवून ठेवायची आणि उन्हाळ्यात हंगामाला जे मजूर यायचे त्यांना दिवसभर प्यायला द्यायची. त्या काळी ती आजच्यापेक्षा बरीच हलकी असायची. ही मजुरांची गोष्ट पुढे रंगवून सांगितली गेली असं बीयरचा इतिहास बघणारे काही लोक म्हणतात, पण शेतांशी तिचं नाव जोडलेलं आहे एवढं खरं. तिथल्या तूर्प गावात ब्रासरी ड्यूपाँ आहे, शेतावरचीच ब्रुअरी, १८४४ पासूनची, १९२० ला ड्यूपाँ कुटुंबाने घेतली, त्यांची सेझॉन ड्यूपाँ ही आज जगभर या प्रकाराची मोजपट्टी मानतात. ती सोनेरी असते. डार्क हा त्याच घरातला दुसरा भाऊ समजा, आंबवणारं यीस्ट तसंच, फक्त धान्यात थोडा काळपट भाजलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली.

मजुरांचं वाचलं तेव्हा मला आमचे सालदारच आठवले. खान्देशात सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरतात, आखाजी ते आखाजी एक साल, पैसे, धान्य, कपडे सगळं बोलून घ्यायचं आणि मग वर्षभर तो माणूस त्या शेताचा. आमच्याकडे नाना आहेत, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. त्यांना सालदार म्हणायला आता जड जातं, केळीच्या बागेतलं त्यांना जे कळतं ते मला कळत नाही. नानांचा या लेखात भाग आहे, येतोच त्यावर.

आधी यीस्टचं सांगतो, कारण मला या बीयरमध्ये सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट तीच आहे. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं, साधारण ८ ते १३ डिग्री. बाकीच्या एल, म्हणजे जरा गरम हवेत आंबणाऱ्या बीयर, १८ ते २२ ला. आणि सेझॉनचं यीस्ट ३०, ३२, ३५ पर्यंत खुशाल चढवतात, दुसऱ्या बीयरमध्ये एवढ्या तापमानाला नको ते वास येतात, इथे मात्र मिरी, लवंग, संत्र्याची साल असे वास येतात. यातल्या बऱ्याच यीस्टना डायास्टॅटिकस म्हणतात, बाकीच्या यीस्टना न पचणारी मोठी साखर ती तोडून खातात, म्हणून बीयर एकदम कोरडी होते, गोडवा जवळजवळ उरत नाही. आता ३० ते ३५ डिग्री म्हणजे काय, आमच्याकडे मेमध्ये रात्री दोनला गच्चीवर असतं तेवढं. युरोपात ज्यासाठी खोली गरम करावी लागते ते आपल्याला देवाने फुकट दिलंय. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्यात परवान्याशिवाय घरी बीयर करता येत नाही, त्यामुळे मी करत नाही, पण कोणी परवाना काढून खान्देशात ब्रुअरी टाकणार असेल तर माझं म्हणणं आहे की लागरच्या मागे लागून वीज जाळू नका, सेझॉन करा.

तर पहिली बाटली. जानेवारीत फैजपूरकडे शेतात भरीत पार्टी ठेवली, वांगी बामणोदची, हिरवी, मोठी, कमी बियांची. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं पेटवली, त्यावर वांगी टाकली, बाजूला मिरच्या भाजायला, एकीकडे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. बाटली मी जळगावहून गाडीत मागच्या सीटवर आडवी ठेवून आणली होती, दुपारचं ऊन काचेतून तिच्यावर पडत होतं आणि रस्ता कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. चूक माझीच. ही बीयर बाटलीतच शेवटची आंबते, तळाला यीस्टचा गाळ असतो आणि आत गॅस नेहमीच्या बीयरपेक्षा भरपूर. अशी बाटली उभी ठेवून, गार करून, शांत होऊ द्यायची असते. मी जाळी काढली आणि बूच हाताने धरायच्या आत उडालं, फेस थांबेचना, पाव लिटर तरी मातीत गेली. फार वाईट वाटलं, पोराने एवढ्या लांबून जपून आणली होती.

उरलेली सहा जणांत वाटली, स्टीलच्या ग्लासात. गढूळ आणि कोमट. मित्र म्हणाला, "काय भो, हे तं काढ्यासारखं लागून राह्यलं." त्याचं चुकलं नव्हतं, गाळ सगळा हललेला होता आणि २२-२३ डिग्रीला लवंगेचा वास पुढे येऊन बाकी सगळं झाकून टाकतो. नाना सहसा पीत नाहीत. त्यांनी ग्लास नाकाजवळ नेला, नुसता वास घेतला, परत घेतला, आणि म्हणाले, "मोहाची फुलं वाळत टाकल्यावर येतो ना, तसा वास येतोय." एवढं बोलून ग्लास माझ्याकडे दिला. मी परत वास घेतला आणि खरंच, मनुका नाही, खजूर नाही, ते वाळलेलं मोहफूलच होतं. लहानपणी वडिलांसोबत अक्कलकुव्याकडे गेलो होतो, चैत्रात, अंगणात चटईवर मोहाची फुलं पसरलेली, तो जड गोडसर वास. बेल्जियमच्या लेबलवर जे लिहिलेलं नव्हतं ते नानांनी एका वासात सांगितलं. त्या दिवशी मी मार्क दिले नाहीत, देणं बरोबर झालं नसतं.

दुसरी बाटली तीन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवली. काढून चाळीस मिनिटं बाहेर. घरात किचन थर्मामीटर आहे, पहिल्या ग्लासात ११ डिग्री आलं, मला हवं होतं तेवढंच. ट्युलिप ग्लास नाही, वाईनचा पोटफुग्या ग्लास चालतो, वास धरून ठेवायला तोंड निमुळतं पाहिजे एवढंच. मार्क देताना मी बीजेसीपी या अमेरिकेतल्या परीक्षक मंडळींच्या संस्थेचा तक्ता वापरतो, वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण मत १०, असे ५०. त्यांच्या २०२१ च्या नियमांत सेझॉन सोनेरी आणि डार्क दोन्ही धरलेली आहे.

दिसायला सुंदर. ग्लासात काळ्या चहासारखी, ट्यूबलाइटसमोर धरली की कडेला डाळिंबाचा रंग, फेस फिकट बदामी, बारीक, आणि दहा मिनिटं झाली तरी बोटभर शिल्लक. ३ पैकी ३.

वासात मी आधी केळं शोधलं. आमचं घरच केळीचं, सावदा-रावेरकडचा माणूस केळ्याचा वास चुकत नाही. पिकलेल्या केळ्याला जो वास असतो तोच रेणू यीस्ट पण तयार करतं, जर्मन गव्हाच्या बीयरमध्ये तो भरभरून येतो, केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरचं दार उघडल्यासारखा. सेझॉनमध्ये तो जास्त आला तर माझ्या मते बीयर बिघडली. इथे पहिल्या ओतण्याला अगदी पुसट आला आणि गेला, मग काळी मिरी, थोडी लवंग, संत्र्याची साल, आणि ग्लास हातात धरून जरा गरम झाला की नानांचं मोहफूल. त्याच्या मागे कोको, पण दूरवरून. १२ पैकी १०. दोन कापले कारण लवंग अजून थोडी कमी चालली असती.

चव. पहिला घोट काकवीसारखा गोड लागेल असं नाकाने सांगितलेलं असतं आणि तोंडात गेल्यावर गोड काहीच नाही, एकदम कोरडी, हे मला फार आवडतं, कितीही वेळा प्यायलो तरी दर वेळी नवल वाटतं. मधे मनुका, भाजलेल्या ब्रेडची कड, मिरीची चुणचुण, शेवटी हॉप्सचा, म्हणजे बीयरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा स्वच्छ. इथपर्यंत मी १८ देणार होतो. पण ग्लास १६ डिग्रीच्या आसपास आला आणि घोटाच्या शेवटी राखेसारखं काहीतरी जिभेवर राहायला लागलं, कच्च्या सुपारीसारखी जीभ ओढल्यासारखी झाली. माझी तक्रार ही.

आणि ही तक्रार भरीत खाणाऱ्याला लगेच समजेल. वांगं आपण बाहेरून पूर्ण काळं होईपर्यंत भाजतो, पण ती साल काढून टाकतो. धूर आत गराला लागलेला असतो, तेवढाच पाहिजे. सालीचे काळे तुकडे भरतात राहिले तर कडू लागतं आणि घरातली म्हातारी माणसं ताट बाजूला सारतात. काळ्या माल्टचं अगदी तसंच आहे. बार्लीच्या दाण्याचं टरफल भाजलं की कडवट आणि तुरट होतं, म्हणून जर्मनीत टरफल काढून भाजलेला माल्ट मिळतो, रंग काळा येतो आणि जळकेपणा येत नाही. स्टाउट नावाच्या काळ्या बीयरमध्ये जळकेपणा शोभतो, तिथे अंगात गोडवा असतो त्याला तोलायला. सेझॉन इतकी कोरडी की तिच्यात लपायला जागाच नाही, थोडासा जळका माल्ट पण उघडा पडतो. या ब्रुअरीने कुठला माल्ट वापरला ते लेबलवर नाही, पण जिभेला साल राहिल्यासारखं लागलं. चवीचे १५.

तोंडात हलकी, गॅस भरपूर, बुडबुडे बारीक टोचतात, साडेसहा टक्के कुठे जाणवत नाहीत. तो तुरटपणा सोडला तर पूर्ण दिले असते, म्हणून ४. एकूण मत ८. बेरीज ४०, त्यांच्या तक्त्यात ३८ ते ४४ म्हणजे उत्तम, आणि उत्तम आहेच, मी परत घेईन.

हे मार्क नुसत्या बीयरचे. मार्क लिहून झाल्यावर मी भरीत काढलं, जळगावात किलोवर तयार भरीत मिळतं ते आणलेलं होतं, सोबत कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. भरताचा एक घास आणि त्यावर घोट, आणि तो राखेचा शेवट गायब. खरंच गायब, मी तीनदा करून पाह्यलं. भरतातलं तेल, भाजलेली मिरची आणि धूर यांनी त्याला आपल्यात ओढून घेतलं आणि पुढे उरली मिरी आणि मोहफूल. गॅसमुळे तोंडातलं तेल धुतलं जातं, पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. शेवभाजीसोबत मात्र जमलं नाही, काळ्या मसाल्यातली लवंग आणि बीयरमधली लवंग एकमेकींवर चढतात, तोंड जड होतं. थंड लागर शेवभाजीसोबत कितीतरी बरी.

बाटलीच्या तळाला शेवटचा अर्धा ग्लास गाळासकट राहिला होता, तो हलवून ओतला. रंग गढूळ, फेस जाड, चव पावाच्या आंबवलेल्या पिठासारखी. भाचा म्हणतो तिकडे काही लोक हाच ग्लास मुद्दाम मागून घेतात. मला तो भाकरीच्या शेवटच्या तुकड्यासोबत चांगला लागला, नुसता नाही.

भाच्याला सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी त्याच ब्रुअरीची एक सोनेरी आणि एक डार्क आण, शेजारी शेजारी ठेवून प्यायची आहे. तो आखाजीला येतोय. तेव्हा वांगी चांगली मिळत नाहीत, घरात खापरावरचे मांडे आणि आमरस असणार, सगळं गोड. कोरडी बीयर आणि आमरस जमेल असं मला वाटत नाही, बायको म्हणते कैरीच्या लोणच्यासोबत बघा. नानांना विचारतो.