फलटणच्या अलीकडची वेणी

लोणंद सुटल्यापासून माझं चित्त भजनात नव्हतं, केसांत होतं.

दिवेघाट चढताना क्लचर तुटला. सासवडच्या बाजारात रबर मिळालं, पण रबराला दोन हात लागतात, तेही डोक्यामागे. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. जन्मताना खांदा अडकला, ओढताना मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या. मानेतून हाताकडे पाच नसा येतात, त्यातल्या वरच्या दोन पुरत्या सावरल्याच नाहीत. अर्ब पाल्सी हे नाव मला पंचविशीत कळलं. घरी नुसतं ‘अधू हात’ म्हणायचे. बोटं चांगली आहेत. कोपर पोटाशी धरलं की टाळही वाजतो. हात वर उचलणं आणि बाहेर वळवणं तेवढं होत नाही.

तुळस डोक्यावर घ्यायची माझी फार इच्छा. दोनदा घेतली, डाव्या हातानं धरून. पण पंचेचाळीस वर्षं दोघांचं काम करून तो खांदाही आता रात्री ठणकतो. पाळी दुसरीला दिली तेव्हा वाईट वाटलं. उजवा दिवसभर लोंबकळून सुजतो, म्हणून अंगठा पिशवीच्या पट्ट्यात अडकवून चालते.

आमच्या दिंडीतले एक काका रोज सकाळी म्हणायचे, “माउली, पांडुरंगाला साकडं घाला, हात उठेल.” मी हसून पुढं जायची आणि पुढचे दोन अभंग रागात म्हणायची. हातासाठी मी निघालेच नव्हते. हाच हात घेऊन शिकले, नोकरी केली, मुलगी वाढवली. माझी तक्रार विठोबाकडे नाही. बाळ तीन महिन्यांचं होऊनही कोपर वाकवत नसेल तर नसांच्या सर्जनला दाखवायचं असतं, नसांची शस्त्रक्रिया करायची तर ती पहिल्या वर्षातच, हे माझ्या आईला कुणी सांगितलं नाही. तेल चोळा म्हणाले. तिनं वर्षानुवर्षं चोळलं. अजून स्वतःलाच दोष देते.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. मी गर्दीच्या मागे होते, पताका तेवढ्या दिसल्या.

तरडगाव सोडलं त्या दिवशी पाऊस नावाला नव्हता. दुपारी टाचेचा फोड फुटला. केस घामानं मानेला चिकटलेले, तोंडात येणारे, आणि मागून कुणीतरी सारखं “चला माउली, चला माउली.” मी रस्ता सोडून एका विहिरीच्या कट्ट्यावर बसले. कुणाशी बोलायचं नव्हतं.

शेजारी एक आजी भाकरीचा तुकडा मोडत बसली होती. परभणीकडची. माझ्याकडं बघितलं, हात लुगड्याला पुसले आणि पिशवीतून लाकडी फणी काढली.

“खाली बस. तिकडं तोंड कर.”

बसले. तिनं दोन्ही गुडघ्यांत माझे खांदे धरले. औषधाच्या जुन्या बाटलीतलं खोबरेल टाळूवर ओतलं आणि गुंता खालून सोडवत वर आली. मध्येच तिची बोटं माझ्या उजव्या फऱ्यावर थांबली. तो बाहेर आलेला आहे, हाताला लगेच लागतो. मी वाट बघत होते, आता विचारणार, काय झालं गं? तिनं काही विचारलं नाही. तीन पेड पाडले, प्रत्येक पेड ओढून बसवला, तोंडानं ज्ञानोबा-तुकाराम चालूच. खाली पदराच्या काठाची चिंधी फाडून गाठ मारली.

माझे डोळे वाहत होते. तिला वाटलं फोड दुखतोय. हळद दिली.

नाव विचारायचं राहून गेलं. तिची दिंडी उठली तशी फणी कमरेला खोचून ती गेली. पुढं बरड, नातेपुते, माळशिरस सगळं एकात एक मिसळलंय. गोल रिंगणाची माती कपाळाला लावली, वाखरीला पाऊस लागला. तिला मी प्रत्येक तळावर शोधत होते.

त्या रात्री फलटणहून आईला फोन केला. निघाल्यापासून तिचा पहिला प्रश्न ठरलेला. पाय नाही, जेवण नाही.

“केस कोण बांधतं?”

“आज वेणी आहे, आई. एका आजीनं घातली.”

बराच वेळ ती काही बोलली नाही.

“घट्ट आहे का?”

“घट्ट आहे.”