नूरचं नाव ब्रुकवुडला नाही. रनीमीडला जा, पण नदीकडून चढू नका

मुद्द्याचं आधी सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी हेरगिरी करताना मारल्या गेलेल्या नूर इनायत खानचं स्मारकावरचं नाव पाहायला निघाला असाल तर लंडनजवळच्या ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत शोधत बसू नका. ते रनीमीडच्या वायुसेना स्मारकावर आहे, पॅनेल 243. एवढं एक वाक्य कुणी मला आधी सांगितलं असतं तर नोव्हेंबरातला अख्खा दिवस वाचला असता.

"हेर बायकांची नावं सगळी ब्रुकवुडलाच," असं ओळखीच्या एकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला. तिथल्या गोल स्मारकाच्या भिंती थंडीत दोन तास वाचल्या. व्हायोलेट झाबो ही दुसरी हेर सापडली. एलियान प्लूमन आणि मादलेन दामरमां सापडल्या. या दोघींना 13 सप्टेंबर 1944 रोजी दाखाउच्या नाझी छळछावणीत नूरबरोबरच मारलं होतं. चौथी होती योलांड बीकमन. भिंतीवर योलांडही नाही आणि नूरही नाही.

कारण नंतर कळलं. चौघीही एसओई या एकाच ब्रिटिश गुप्त संघटनेच्या. पण कागदोपत्री एलियान आणि मादलेन 'फॅनी' या स्वयंसेविका दलात होत्या, म्हणून त्यांची नावं ब्रुकवुडला. नूर आणि योलांड वायुसेनेच्या महिला दलात, म्हणून रनीमीडला. कबर चौघींपैकी एकीचीही नाही, आणि नावंसुद्धा गणवेश बघून वाटून टाकली. मला हे तेव्हा पटलं नाही, अजूनही पटत नाही.

ब्रुकवुडच्याच मोठ्या दफनभूमीत पारशी विभागात जमशेटजी टाटांची समाधी आहे. मी इतकी दमले होते की तिकडे गेलेच नाही. तुम्ही वेळ ठेवा.

दोन्ही ठिकाणच्या गाड्या लंडनच्या वॉटरलूहून सुटतात, पण मार्ग वेगळे. एका दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट हिवाळ्यात करू नका. चारच्या सुमारास अंधार पडतो आणि स्मारक लवकर बंद होतं.

दुसऱ्या दिवशी ईगम स्टेशनला उतरले आणि फोनमध्ये नुसतं 'रनीमीड' टाकलं. फोनने नेलं खाली, थेम्सकाठच्या कुरणात, जिथे मॅग्ना कार्टाचं स्मारक आहे. वायुसेना स्मारक आहे वर, कूपर्स हिलच्या माथ्यावर. मधल्या जंगलातून पायवाट जाते. तिच्याबद्दल स्पष्टच सांगते: ओल्या दिवसांत तिच्या नादी लागू नका. चढ उभा, त्यावर भिजलेला पालापाचोळा आणि खाली चिखल. मी सह्याद्रीत बऱ्यापैकी चढलेली आहे, तरी दोनदा गुडघ्यावर आपटले. एका जागी तर झाडाचं मूळ धरून स्वतःला वर ओढावं लागलं. स्टेशनवरून डांबरी रस्त्याने सरळ कूपर्स हिल लेनवर जा. अर्धा-पाऊण तास लागतो, चढ आहे पण पायाखाली जमीन घट्ट असते. बरोबर कुणी वयस्कर असेल तर स्टेशनवरून टॅक्सी करा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. खायचं-प्यायचं मात्र ईगममध्येच उरकून घ्या.

आत वीस हजारांहून अधिक नावं आहेत, कबर न मिळालेल्या वायुसैनिकांची. ती सरसकट अकारविल्हे नाहीत. आधी वर्ष, मग दल, मग हुद्दा. म्हणून 1944, महिला दल, असिस्टंट सेक्शन ऑफिसर, या क्रमाने जा. नावं खिडक्यांच्या कडेच्या दगडात कोरलेली आहेत आणि ढगाळ दिवशी नीट दिसत नाहीत, छोटी विजेरी जवळ ठेवा.

सापडलं तेव्हा मी मोठ्याने वाचलं. आडनाव, नावाचं एक अक्षर, आणि पुढे जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान. जून 1943 मध्ये व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली पहिली स्त्री रेडिओ ऑपरेटर. काही दिवसांत भोवतालचे साथीदार पकडले गेले, परत ये म्हटलं तरी ती ऑक्टोबरपर्यंत पॅरिसातून संदेश पाठवत राहिली. मग अटक, आणि जर्मनीतल्या फोर्त्सहाइमच्या तुरुंगात महिनोन्‌महिने बेड्या. गेली तेव्हा तिशीची होती.

मी बडोद्याची. तिचे वडील इनायत खान आमच्याच गावचे, आणि सयाजीरावांच्या आश्रयाने 1886 मध्ये गायनशाळा काढणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. सूरसागरासमोरच्या त्या इमारतीवरून मी शाळेत जात असे, आणि या मुलीचं नाव मला तिथे कुणीही सांगितलं नव्हतं. त्या दगडापुढे याचाच राग येत होता आणि रडूही येत होतं.

योलांडचं नावही इथेच आहे. तिचा हुद्दा सेक्शन ऑफिसर, म्हणजे नूरच्या आधी शोधा. फूल आणणार असाल तर दोन आणा.

तिसऱ्या दिवशी लंडनमध्ये गॉर्डन स्क्वेअरला तिचा अर्धपुतळा पाहिला. बागेतच आहे, सोपं आहे. रनीमीडहून उतरताना मात्र डांबरी रस्ताच धरला.