सार्जंट कुठे गेला?

बरीच वर्षं मुद्रितशोधन करतेय. नजरेतून निसटलेल्या चुकांचं मला फारसं काही वाटत नाही, त्या सगळ्यांच्याच निसटतात. पण एक चूक मी स्वतःच्या हाताने घातली होती, ती अजून टोचते.

रात्री साडेअकराला शेवटच्या पानावर चार ओळींची बातमी आली. अमुक अधिकाऱ्याला मेजर जनरलवरून लेफ्टनंट जनरलपदी बढती. मी थबकले. मेजर लेफ्टनंटच्या वर असतो एवढं लष्करी ज्ञान माझ्याकडे होतं. मग ही कसली बढती? बातमीदाराने घाईत उलटं लिहिलंय असं ठरवून मी दोन्ही हुद्द्यांची अदलाबदल केली आणि पान सोडलं.

सकाळी एका निवृत्त सुभेदारांचा फोन. "ताई, साहेबांचं काय चुकलं हो? बढती मिळाली आणि तुम्ही त्यांना एक पायरी खाली उतरवलंत!"

चूक कबूल केली, पण डोकं काही शांत होईना. मेजर मोठा, मग मेजर जनरल धाकटा का? शोधलं तेव्हा कळलं, सुरुवातीचा एक शब्द गळून पडलाय. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा हुद्दा होता 'सार्जंट-मेजर-जनरल'. १६४५ च्या तिथल्या संसदेच्या फौजेत सरसेनापती फेअरफॅक्स, घोडदळाचा लेफ्टनंट जनरल क्रॉमवेल आणि पायदळाचा सार्जंट-मेजर-जनरल स्किपन. पुढे बोलता बोलता सार्जंट गेला, मेजर जनरल तेवढा उरला. आणि लेफ्टनंट म्हणजे मुळात दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा, आपल्याकडचा नायब. जनरलचा नायब वर असणारच की! 'जनरल' हेही आधी नुसतं विशेषण होतं, सगळ्या फौजेचा अशा अर्थाचं. 'सरनोबत'मधलं 'सर' जे काम करतं, साधारण तेच.

त्या दिवसापासून लष्करी बातमी आली की माझी पेन्सिल जरा हळू चालते. गणवेशावरच्या ताऱ्यांवर तर मी अजिबात विसंबत नाही. अमेरिकेच्या मेजर जनरलला दोन तारे, रशियाच्या मेजर जनरलला एकच. फ्रान्समध्ये सगळ्यात खालचा जनरल, म्हणजे ब्रिगेडचा, तोच दोन ताऱ्यांपासून सुरू होतो. 'दोन तारेवाला अधिकारी' असं कुणी लिहून दिलं की मी आधी विचारते, कुठल्या देशाचा?

ब्रिगेडियरचा घोळ वेगळाच. अमेरिकेत तो 'ब्रिगेडियर जनरल'. ब्रिटनने मात्र १९२० च्या दशकात त्यातला जनरल काढून टाकला, त्यामुळे तिथे आणि भारतात तो नुसता ब्रिगेडियर, जनरलांच्या पंगतीत न बसणारा. आमच्याकडची मुलं मान द्यायचा म्हणून पुढे जनरल चिकटवतात. मी खोडते.

आणि सगळ्यात जास्त भांडते ते हुद्दा आणि पद यांवरून. जनरल हा हुद्दा, लष्करप्रमुख हे पद. भारतीय लष्करात कोअरचा कमांडर लेफ्टनंट जनरल, त्याच्या वरचा अख्ख्या कमांडचा प्रमुखही लेफ्टनंट जनरल आणि लष्कराचा उपप्रमुखही लेफ्टनंट जनरलच. खांद्यावरची चिन्हं सारखी, पण कुणाच्या हाताखाली किती फौज आणि कुणाचा शब्द कुठवर चालतो, ते पदावरून कळतं. बातमीत नुसताच हुद्दा असेल तर माणूस नेमकं काय करणार हे वाचकाला कळतच नाही. हे मी उपसंपादकांना किती वेळा सांगितलं असेल! ते मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हो, त्या चुकीची दुरुस्ती आम्ही दुसऱ्या दिवशी छापली. पान तीन, तळाशी, बारीक टाइपात. मी सुट्टीवर होते. छापून आलं, 'लेफ्टनंट कर्नलपदी बढती'.

सुभेदारसाहेबांनी या वेळी फोनवर आधी पोटभर हसून घेतलं.