दुधाचा कॅन

वॉर्सात त्या दुपारी तीन तास मोकळे होते. ग्रुपमधले बहुतेक जण खरेदीला गेले. माझ्यासोबत यहुदी इतिहास संस्थेत चौघंच आले. टूर लीडर म्हणून मी तिथं शिरल्यावर आधी फरशीवरचे जळके डाग दाखवते. शेजारचं मोठं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, जर्मनांनी 16 मे 1943 ला उडवून दिलं, त्या आगीचे ते डाग.

चौघांत सांगलीकडचे आबा होते. त्यांची सगळी हयात दूध संघात गेलेली. आतल्या दालनात ते एकदम थबकले. "ताई, ह्यो तर दुधाचा कॅन हाय की!"

कॅनच तो. वॉर्साच्या घेट्टोचं, म्हणजे जर्मनांनी यहुद्यांना कोंडून ठेवलेल्या वस्तीचं, नाव काढलं की लोक तिथल्या 1943 च्या उठावाबद्दल विचारतात. मी सुरुवात या कॅनपासून करते, कारण ही कागदांची लढाई उठावाच्याही आधीची. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लूम यांनी घेट्टोतल्या जगण्याची नोंद ठेवायला गुपचूप माणसं जमवली. शनिवारी, म्हणजे यहुद्यांच्या शब्बाथला, सुट्टीच्या पवित्र दिवशी भेटायचे, म्हणून नाव 'ओनेग शब्बात', शब्बाथचा आनंद. मुलांचे निबंध, रेशन कार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेट-गोळ्यांचे कागदसुद्धा त्यांनी जपले. खेल्म्नोच्या छावणीतून निसटलेल्या माणसाची जबानी लिहून घेतली, तिथल्या हत्यांची खबर लंडनपर्यंत पोचवली.

22 जुलै 1942 पासून गाड्या भरभरून माणसं त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत जाऊ लागली. ऑगस्टच्या सुरुवातीला शिक्षक इझ्रायल लिख्टेनश्टाइन यांनी दोन पोरांना हाताशी धरून हे कागद भरलेले दहा पत्र्याचे डबे शाळेच्या तळघरात पुरले. त्यातला डाविड ग्राबर 19 वर्षांचा. जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं, असं त्यानं लिहून ठेवलंय. माझा मुलगा तेवढाच आहे. हे वाक्य सांगताना माझा आवाज दर वेळी अडकतो.

त्या साठेक जणांतले तिघंच वाचले. त्यांच्यातल्या एकाला जागा ठाऊक होती, म्हणून 1946 मध्ये ढिगाऱ्याखालून डबे निघाले. असे दोन दुधाचे कॅनही कागद भरून पुरले होते, ते 1950 मध्ये मिळाले.

"डब्यांत पाणी शिरलं असंल," आबा म्हणाले.

मी चकित झाले. खरंच शिरलं होतं. कागद भिजले, बुरशी लागली. कॅनमधले पुष्कळ बरे निघाले.

आबांनी तळवा दाबून दाखवला. "झाकण असं बसाय लागतं. आमच्या केंद्रावर ढिलं झाकण आलं की कॅन परत." मग हळूच विचारलं, "सगळं घावलं का?"

तिसरा ठेवा 1943 च्या एप्रिलमध्ये पुरला असं मानतात. अजून मिळालेला नाही, असं मी सांगितलं.

आबा बराच वेळ काचेपाशी उभे होते. निघताना म्हणाले, "झाकण नीट लावलेलं असू दे रं देवा."